मालकाचं संमतिपत्र

बाबा, तुमचं मायक्रोमीटर मी जपानमध्ये हरवलं होतं. ते परत मिळालं आहे, हे आधीच सांगते, कारण वाईट बातमी ऐकताना तुम्ही हातातलं काम टाकून उभे राहायचात आणि पूर्ण ऐकेपर्यंत बसायचा नाहीत. बसा. वस्तू सुखरूप आहे. लिहायचं आहे ते ती परत कशी मिळाली त्याबद्दल. त्यासाठी मी तुमच्या नावावर एक गोष्ट केली आहे, आणि ती बरोबर होती की चूक हे दोन महिने झाले तरी मला ठरवता येत नाही. माझ्या कामात असं होत नाही. भाग मापात असतो किंवा नसतो. शंका आली तर परत मोजतात. हे परत मोजायचं कसं ते मला कळलेलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. त्याला अकरा वर्षं झाली. आता मी बडोद्यातच, गोरव्यात एका कारखान्यात मोजणी विभाग सांभाळते. बेअरिंगच्या कड्या तपासतो आम्ही; तुम्ही लेथवर मिलिमीटरच्या शतांशापर्यंत बघायचात, आम्ही त्याचाही दहावा भाग बघतो. नवीन मोजयंत्र येणार म्हणून कंपनीनं मला तीन आठवडे नागोयाला शिकायला पाठवलं. तिथल्या मोजणीच्या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान असतं, उष्णतेनं धातू फुगून माप बदलू नये म्हणून अर्धा अंशसुद्धा इकडचा तिकडे होत नाही. म्हणून मी तुमचं मायक्रोमीटर बरोबर नेलं. आईला सांगितलं की कामाला लागतं. कामाला लागत नव्हतं. मला ते त्या खोलीत एकदा तपासून बघायचं होतं. नक्की काय तपासायचं होतं असं विचारलंत, तर मायक्रोमीटरच, असं मी उत्तर देईन. ते पूर्ण उत्तर नाही.

हरवलं ते तिसऱ्या दिवशी. सकाळी मेट्रोत बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मायक्रोमीटरच्या लाकडी डबीची कापडी पिशवी वरच्या फळीवर ठेवली, आपण अहमदाबादच्या गाडीत ठेवतो तशी. फक्त आपल्याकडे फळीवर ठेवलेल्या सामानाकडे माणूस दर दोन मिनिटांनी मान वर करून बघतो. तिथे कोणीच बघत नव्हतं, म्हणून मीही बघितलं नाही. उतरून सरकत्या जिन्याच्या मध्यावर आले तेव्हा डावा हात रिकामा आहे हे लक्षात आलं. डबा तिसरा होता, दार दुसरं, गाडी आठ बाराची. सगळं आठवत होतं. पिशवी उचलल्याचं तेवढं आठवत नव्हतं. माझ्या हातून वस्तू हरवत नाहीत, बाबा. मी जिन्याच्या वरच्या टोकाला भिंतीला लागून उभी राहिले आणि लोकांना वाट दिली.

प्रशिक्षण केंद्राच्या ऑफिसात एक बाई होत्या, आईच्या वयाच्या. सावकाश इंग्रजी बोलायच्या, अडलं की फोनवर भाषांतर दाखवायच्या. त्यांना सांगितलं तर त्यांनी अरेरे केलं नाही. "मिळेल. दुपारी जाऊ," म्हणाल्या, पाच मिनिटांनी बस येईल असं सांगावं तसं. दुपारी त्या मला मोठ्या स्टेशनावरच्या हरवल्या-सापडल्याच्या खिडकीवर घेऊन गेल्या. पलीकडे पांढरे हातमोजे घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि वर्णन विचारलं. मी सांगितलं, लाकडी डबी, लांबी एकशे साठ मिलिमीटर, रुंदी पंच्याऐंशी, जाडी पस्तीस. गृहस्थांनी पेन थांबवून बाईंकडे बघितलं.

"साधारण सांगितलं तरी चालेल," बाई मला म्हणाल्या.

"साधारण नाही, एवढीच आहे."

मग झाकणाच्या कोपऱ्यातला लाल डाग सांगितला. गृहस्थांनी काहीतरी विचारलं, बाईंनी फोनवर टाइप करून स्क्रीन माझ्यापुढे धरला. रक्त आहे का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, नाही, आमच्यात वर्षातून एक दिवस अवजारांची पूजा करतात, तेव्हा लाल पूड वाहतात. बाईंनी ते सांगितल्यावर गृहस्थ बराच वेळ बोलले. "ते विचारतायत," बाई म्हणाल्या, "त्या दिवशी अवजार काय करतं?" मी म्हटलं, काही करत नाही, त्याला सुट्टी असते. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी मान हलवून हलवून ते बहुधा फॉर्मवरही लिहून घेतलं.

त्याला सुट्टी असते, हे शब्द तुमचे आहेत. मी तेरा वर्षांची आहे, खंडेनवमी आहे, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरचं स्वयंपाकघर. ओट्यासमोर पाट मांडलाय, त्यावर तुमची डबी, आईची विळी, शिवणाची कात्री आणि माझी कंपासपेटी. आई हळदकुंकू वाहायला लागते तसे तुम्ही म्हणता, "डबीवर वाहा, आत नको. कुंकवाचा एक कण म्हणजे दोन शतांश." आई म्हणते, "देवालासुद्धा मापात बसवा तुम्ही." तुम्ही हसत आंघोळीला जाता. वर्कशॉपमध्ये टूलरूमचं मायक्रोमीटर सगळ्यांना मिळायचं, पण दहा हातांतून फिरलेल्या वस्तूवर तुमचा विश्वास नव्हता, म्हणून हे तुम्ही स्वतःचं घेतलेलं, झाकणाच्या आत तुमचं नाव, आडनाव आणि बिल्ला नंबर कोरलेला. मला त्याला हात लावायची परवानगी नाही असं तुम्ही कधी म्हणाला नव्हता. लाव असंही म्हणाला नव्हता. मी डबी उघडते, डोक्यातला एक केस उपटून दोन टोकांमध्ये धरते आणि हळूहळू फिरवत आणते. आठ शतांश. वर बघते तर तुम्ही दारात उभे, पंचा नेसलेले, केसांतून पाणी गळतंय. "आज त्याला सुट्टी आहे. तुला कोणी विचारलं?" मी घाबरून ते आणखी आवळते. "अगं, हात आहे की पाना?" एवढंच. तुम्ही ते माझ्याकडून घेता, मागची छोटी कळ फिरवून तीनदा टिकटिक वाजवता, उजेडाकडे धरून फटीतून बघता आणि पाटावर परत ठेवता.

इतकंच असतं तर मी विसरले असते. पण दुपारी दादा जेवायला येतो, मोठ्या काकांचा मुलगा, तेव्हा आयटीआयला होता. तुम्ही सुट्टीवर असलेली ती डबी पाटावरून उचलता, त्याच्या हातात देता, त्याच्याच डोक्यातला केस उपटता. "बघ बरं किती भरतो." "सात, काका." "वा!" आणि मग आई पुऱ्या वाढत असताना तुम्ही म्हणता, "हे पुढे याला होईल." आई म्हणते, "श्रीखंड घे रे." मी वाटीत बोट फिरवत बसलेली आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मापनाच्या तासाला बसले असताना एकदम लक्षात आलं, की जड हातानं मोजलं तर केस दबतो आणि माप कमी येतं. माझं आठ होतं, दादाचं सात. केस दोन वेगळ्या डोक्यांतले होते, यावरून काही सिद्ध होत नाही, हेही मला कळतं. पण माझं माप तुम्ही विचारलंच नाहीत. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल असं होणार नाही. मग जड हात कोणाचा म्हणालात तुम्ही, आणि कशावरून?

तुम्ही गेल्यावर काही महिन्यांत क्वार्टर सोडावं लागलं. दादाच टेम्पो घेऊन आला. कपाटं त्यानं उतरवली, देवघर त्यानं बांधलं, आईला पुढे ड्रायव्हरशेजारी त्यानं बसवलं. मग रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं मला विचारलं, "काकांची ती मायक्रोमीटरची डबी कुठे गेली गं?" डबी माझ्या खांद्यावरच्या कॉलेजच्या बॅगेत होती. मी म्हटलं, "माहीत नाही." "असेल सामानात," तो म्हणाला आणि गॅसचा सिलिंडर उचलून निघून गेला. त्यानं परत कधी विचारलं नाही. मी परत कधी सांगितलं नाही.

तर त्या खिडकीवर. गृहस्थांनी दोन ठिकाणी फोन केले आणि वीस मिनिटांत डबी सापडली, शेवटच्या स्टेशनावर. तिथल्या माणसानं फोटो पाठवला. उघडी डबी, निळं मखमल, झाकणाच्या आत कोरलेली तुमची अक्षरं. गृहस्थांनी त्यावर मोजा घातलेलं बोट ठेवलं. हे काय लिहिलंय? मी म्हटलं, नाव. तुमचं? इथे हो म्हणणं सोपं होतं आणि अगदी खोटंही नव्हतं. आपल्याकडे मुलीच्या नावानंतर वडिलांचं नाव, मग आडनाव. माझ्या पासपोर्टावर तुमचं नाव माझ्या नावाला चिकटून छापलेलं आहे. पण मला कोणी प्रश्न विचारला की मी नेमकं उत्तर देते. मी म्हटलं, "वडिलांचं."

"म्हणजे मालक वडील आहेत?"

"हो."

गृहस्थ हळहळले. बाईंनी सांगितलं, मालक दुसरा असेल तर त्याचं संमतिपत्र लागतं, तो नियम आहे, पण काळजीचं कारण नाही. "वडिलांना फोन कर. कागदावर लिहून सही करून फोटो पाठवायला सांग. उद्या दुपारपर्यंत डबी इथे येईल."

ते नाहीत, एवढं तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी ते त्यानंतर अनेकदा मनात सांगून बघितलं आहे, दोन शब्दांचं काम आहे. सांगितलं नाही, कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता. मग आता मालक कोण? त्याचं नेमकं उत्तर मला येत होतं आणि ते माझं नाव नव्हतं.

चहाच्या सुट्टीत आईला फोन लावला. तिकडे दुपारचा एक वाजत होता, मागे कुकर होत होता. "हां, बोल ने," आई म्हणाली. बडोद्यात जन्म गेलेल्या बाईचं गुजराती मिसळलेलं मराठी तुम्हाला माहीतच आहे.

"आई, बाबांनी ते मायक्रोमीटर मला द्यायचं असं कधी म्हटलं होतं?"

"कसलं?"

"डबीतलं गं."

"तुझ्याकडेच आहे ना ते?"

"आहे. पण ते कधी काही बोलले होते?"

"असं कोण बोलतं? माझ्या आईनं मला विळी दिली तेव्हा बोलली होती का? ट्रंकेत टाकली अन् वर चादर घातली."

"दादाला देणार म्हणाले होते. खंडेनवमीला, जेवताना."

"दादाला तर ते स्कूटरपण देणार होते. अन् घड्याळपण. त्याचा बाप त्याच्याशी कधी धड बोलला नाही, म्हणून हे आपले बोलायचे, पोराला बरं वाटावं." मग कुकरची शिट्टी झाली आणि तिचा आवाज बदलला. "का गं? हरवलंस की काय?"

"नाही."

"मग सारु. जेवलीस?"

मला या बोलण्याचं काय करायचं ते कळेना. आई खरं सांगत असेल तर त्या दिवसाचं पुरं गणित बदलतं. पण आई मला बरं वाटावं म्हणूनही बोलत असेल. तुम्ही दोघंही त्यात तरबेज. आणि दादाला बरं वाटावं म्हणून तुम्ही जे त्याला दिलंत, ते समोर बसलेल्या मला कुठे लागलं, हे तुम्हाला दिसलं नाही, की दिसूनही तुम्ही पुरी मागितलीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याच्या आधी, हॉटेलच्या टेबलावर मी ते पत्र लिहिलं. चौकडीच्या वहीचं पान फाडलं. तुमचं अक्षर मला काढता येतं. क्वार्टरच्या गणपतीच्या नोटिसा तुम्ही लिहायचात त्या मी चिकटवून यायचे, प्रत्येक शब्दावरची रेघ पट्टीनं मारल्यासारखी. मी तुमच्या भाषेत लिहिलं, 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की सदर मायक्रोमीटर माझ्या मालकीचे असून ते माझ्या मुलीच्या ताब्यात देण्यास माझी संमती आहे.' एवढं पुरे होतं. पण पान अर्धं रिकामं होतं आणि त्या शहरात माझ्या आसपास मराठी वाचणारं कोणी नव्हतं. म्हणून मी आणखी लिहिलं. 'सदर वस्तू मी पूर्वीच तिला दिलेली आहे. तसे तिला सांगायचे राहून गेले. तिने घेतलेले माप बरोबर होते.' शेवटचं वाक्य मी कामावर कधीच लिहू शकले नसते, त्याला पुरावा नाही. खाली तुमची सही केली. दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा जमली. फोटो काढला, पान बारीक फाडून टाकलं आणि फोटो बाईंना पाठवला.

बाईंनी साडेआठला तो छापून काढला. "इतक्या लवकर? भारतात किती वाजलेत?"

"पाच."

"वडील लवकर उठतात."

"हो. पाचला. पहिल्या पाळीला जायचं असतं."

यातलं एकही वाक्य खोटं नाही असं मला बोलताना वाटत होतं, याचं अजून आश्चर्य वाटतं. त्यांना खाली जपानी भाषांतर लिहायचं होतं, म्हणून मी पहिलं वाक्य सांगितलं. लिहून झाल्यावर त्यांनी पेनच्या टोकानं खालच्या ओळी दाखवल्या. "आणि हे?" मी म्हटलं, "घरचं आहे." त्यांनी पेन लगेच बाजूला घेतलं आणि तो कागद पारदर्शक पाकिटात घातला.

खिडकीवर तेच गृहस्थ होते. त्यांनी माझ्या पासपोर्टावरचं तुमचं नाव आणि संमतिपत्राखाली मी रोमन अक्षरांत लिहिलेलं तुमचं नाव एकाखाली एक ठेवून अक्षर अक्षर जुळवलं, मग माझी सही घेतली, मग डबी दोन्ही हातांनी पुढे केली. कापडी पिशवी वेगळी, घडी घालून. निघताना ते बाईंना काहीतरी म्हणाले. बाईंनी सांगितलं, "वडिलांना आमचा नमस्कार कळवा. इतकी वर्षं वस्तू चांगली ठेवली आहे म्हणतात." हा निरोप तुमचा आहे, तो इथे पोचवते. मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन स्टेशनाच्या नकाशासमोर बराच वेळ उभी राहिले. नकाशा मला नीट वाचता येतो. त्या दिवशी कुठली गाडी घ्यायची ते बाईंनी सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात तिथल्या शिक्षकानं आपणहून विचारलं, ते जुनं मायक्रोमीटर वीस अंशाच्या खोलीत तपासायचं आहे का, यंत्र तासभर रिकामं आहे. त्याचसाठी मी ते सात हजार किलोमीटर नेलं होतं. मी नको म्हटलं. पडलं असेल, आपटलं असेल, चूक दाखवत असेल, हे सगळे मुद्दे तपासण्याच्या बाजूचे आहेत आणि मी ते त्या वेळी मनात मांडलेही. तरी नको म्हटलं.

इकडे परत आल्यावर मी ते पहिल्यांदाच कामावर नेलं. मोजायला नाही, टेबलावर ठेवायला. आमच्या विभागात नवीन लागलेली एक मुलगी आहे, तिनं डबी उघडून बघितली. "मॅडम, आ तो बहु जूनुं छे. कोनुं छे?" आणि मी एक सेकंदही न थांबता म्हटलं, "मारा पप्पाए आप्युं छे." पप्पांनी दिलंय, म्हणून; घराबाहेर तुम्ही माझे पप्पाच होता. ती म्हणाली, "केटलुं सरस!" आणि कामाला लागली. मीही लागले. दुपारनंतर लक्षात आलं, की आता दिल्याचे पुरावे दोन झाले, एक लेखी आणि एक तोंडी, आणि दोन्ही मीच तयार केलेत. फोनमधला तो फोटो मी अधूनमधून उघडते. अक्षर इतकं तुमचं आलंय की तिसऱ्या-चौथ्या वाचनाला क्षणभर वाटतं, हे लिहिताना मी तिथे नव्हते. असं वाटणं चुकीचं आहे हे मला माहीत आहे. पण ते वाटतं, आणि मग मी फोन उलटा ठेवते.

आई म्हणते तसं असेल, तर ते माझंच आहे आणि दादाला तुम्ही फक्त बरं वाटायला दिलंत. तुम्ही म्हणालात तसं असेल, तर ते त्याचं आहे, अकरा वर्षं माझ्याकडे आहे आणि आता तर तुमच्या सहीनिशी आहे. यांतलं कोणतं, ते सांगू शकणारे तुम्ही एकटेच होता. दुसरा माणूस दादा, त्याला विचारता येईल. तो आता रिफायनरीत सुपरवायझर आहे, त्याच्याकडे डिजिटल मायक्रोमीटर असतात, तो बहुतेक हसेल आणि ठेव गं म्हणेल. बहुतेक. मी विचारलेलं नाही.

या पत्राचे हे कागद कुठे ठेवायचे ते ठरलेलं नाही. उद्या रविवार. दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी जेवायला येणार आहेत, आईनं चक्का टांगून ठेवलाय. आज सकाळी ती बाजारात गेल्यावर मी कामावरून घरी आणलेली डबी टेबलावरून उचलली आणि कपाटात वरच्या फळीवर, हिवाळ्याच्या शालींच्या मागे ठेवली.